स्पोर्ट्स मीडियाचा समर कोर्स: लाइव्ह घ्यावा की रेकॉर्डेड?

अमेरिकेत शिकणारी आपली बरीच मुलं मे महिन्यात घरी येतात आणि सुट्टीत एखादा ऑनलाइन कोर्स उरकून टाकावा म्हणतात. मीडिया आणि स्पोर्ट्स कम्युनिकेशनमध्ये साधारण दोन प्रकार समोर येतात. एक, ठरल्या वेळी झूमवर भरणारा वर्ग. दुसरा, लेक्चर्स रेकॉर्ड करून टाकलेली, आपापल्या वेळेनुसार बघा आणि कामं जमा करा. मी पुण्यातल्या घरी बसून दोन्ही केलेत, वेगवेगळ्या उन्हाळ्यांत आणि वेगवेगळ्या विद्यापीठांचे.

काम दोन्हीकडे तेवढंच. 3 क्रेडिट म्हणजे 15 आठवड्यांच्या सत्रात वर्ग आणि अभ्यास मिळून आठवड्याला साधारण 9 तास. तेच 6 आठवड्यांत कोंबलं की 22-23 तास होतात. त्यामुळे रेकॉर्डेड घेतला म्हणून कोकणात जाऊन निवांत आंबे खाता येतील, असं काही नाही.

वेळेच्या बाबतीत रेकॉर्डेडची सरशी आहे, हे मान्य करायलाच हवं. न्यूयॉर्कला दुपारचा 1 म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, ते जमून जातं. पण तिकडची संध्याकाळी 6 ची बॅच असली तर आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. घरचे दोन दिवस कौतुक करतात, मग दिवे बंद करायला सांगतात.

शिवाय काही विषय रेकॉर्डेडमध्येच नीट कळतात. लॉकर रूममध्ये महिला पत्रकारांना प्रवेश मिळवून देणारा मेलिसा लुडकेचा खटला घ्या. 1977 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, तिला दाराबाहेर ठेवलं आणि 1978 मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. हे प्रकरण मी थांबवून, मागे नेऊन, मूळ निकालपत्र शेजारी उघडून ऐकलं. लाइव्ह वर्गात ते पंधरा मिनिटांत निघून गेलं असतं. प्रक्षेपण हक्क, 1961 चा स्पोर्ट्स ब्रॉडकास्टिंग ॲक्ट, कॉलेज खेळाडूंना 2021 पासून स्वतःच्या नावावर पैसे कमावायला मिळालेली मुभा, हे सगळं असंच सावकाश वाचायचं काम आहे.

मग अडलं कुठे? डिस्कशन बोर्डवर. बुधवारपर्यंत 300 शब्दांची पोस्ट टाका, रविवारी रात्रीपर्यंत दोघांना उत्तर द्या, आणि त्याला मार्क. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात बुधवारी मी आणि आणखी एखादा. बाकीचे सगळे रविवारी मुदत संपता संपता उगवणार. उत्तर द्यायचं तर समोर पोस्ट तर हवी! आपण पान रिफ्रेश करत बसायचं. आणि आपल्याला आलेली उत्तरं एकाच साच्यातली: तुझा मुद्दा आवडला, मलाही असंच वाटतं, छान लिहिलंस. मी एका क्लबच्या माफीनाम्यावर मुद्दाम वाकडं मत मांडलं होतं, म्हटलं आता तरी कोणी भांडेल. मुद्दा आवडला म्हणे. प्राध्यापकांचा शेरा आठवड्याने आला, तोवर वर्ग पुढच्या प्रकरणात गेलेला. सगळीकडे असंच असेल असं नाही म्हणत, कुठे चांगलंही चालत असेल. पण संवादाचा विषय शिकायला जाऊन बोलायला कोणी नाही, हे मला शेवटपर्यंत खटकत राहिलं.

लाइव्ह वर्गात उलट घडलं. बाईंनी 2011 च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना कॉमेंटरीचा आवाज बंद करून लावला आणि सांगितलं, सामना संपल्यावर दहा मिनिटांत कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, द्यायची. बेसबॉल आपला नव्हे, मला निकाल माहीत नव्हता. नवव्या इनिंगमध्ये टेक्सास रेंजर्स विजेतेपदापासून एका स्ट्राइकवर, म्हणजे जेमतेम एका चेंडूवर, म्हणून इंट्रो (बातमीची सुरुवात) लिहून तयार. तो बरोबरीने उडवला. दहाव्यात परत एका स्ट्राइकवर, परत बरोबरी. अकराव्यात डेव्हिड फ्रीसचा होमरन आणि सेंट लुईस 10-9 ने विजयी. सगळ्यांच्या कॉपी एकाच शेअर केलेल्या फाइलमध्ये होत्या. बाईंचा कर्सर माझ्या पहिल्या परिच्छेदावर आला, तीन विशेषणं गेली, स्कोअर वर सरकला. का, ते त्या बोलत बोलत सांगत होत्या. आपल्याकडे डाक आवृत्तीच्या (बाहेरगावी जाणाऱ्या, लवकर छापायच्या अंकाच्या) डेस्कवर बसलेल्याला यातलं काही नवीन वाटणार नाही. सामना संपायच्या आत पान सोडायची त्यांना सवय असते. पण ही सवय रेकॉर्डिंग बघून लागत नाही.

तेव्हा लिहायचं, बोलायचं, मुलाखत घ्यायची असेल तर मी लाइव्हकडे झुकेन, रात्रीचं जागरण धरून. दिवसा इंटर्नशिप चालू असेल, किंवा विषय कायदा-इतिहासाचा असेल, तर रेकॉर्डेड घ्यायला हरकत नाही. फक्त अभ्यासक्रमाच्या कागदात डिस्कशन बोर्डला किती टक्के मार्क आहेत ते आधी बघा.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर एरवी पूर्णवेळच्या हिशेबात एकच ऑनलाइन कोर्स धरतात. वार्षिक सुट्टी म्हणून समर मोकळा असेल तर ती अडचण नाही. पण तुमचं पहिलं किंवा शेवटचं सत्रच समरमध्ये असेल तर नियम वेगळा, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या. दुसऱ्या विद्यापीठाचा कोर्स घेणार असाल तर क्रेडिट धरू असं आपल्या विभागाकडून पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. आणि छोट्या सत्रात पूर्ण फी परत मिळायची मुदत पहिल्या काही दिवसांतच संपते, तेव्हा लाइव्हचा पहिला वर्ग चुकवू नका. शिकवणारी व्यक्ती कॉपीला हात लावते की नुसत्या स्लाइड वाचते, ते तिथेच कळतं.