सात महिने ‘ब्लॅक ओपल’ वापरल्यावर: खडा तीन मजली निघाला

घेतल्या आठवड्यातच मी या अंगठीला पाच स्टार देऊन मोकळी झाले होते. ते मागे घेतेय.

पाच महिने तक्रारीला जागा नव्हती. खडा काळाभोर, त्यावर हिरवा-निळा रंग, आणि हात वळवला की एका कोपऱ्यात लाल ठिणगी पेटायची. भांडी, आंघोळ, केस धुणं, सगळं अंगठी घालूनच चालायचं. सहाव्या महिन्यात एका कडेला करडा ढग दिसला. घड्याळाच्या काचेत आतून वाफ धरते ना, तसा. पुसून जाईना, कारण तो वर नव्हताच, आत होता.

पुढची चूक माझी. ओपल म्हणजे पाणी धरून असलेली सिलिका, त्यात बहुधा ६ ते १० टक्के पाणी असतं. तेव्हा खडा ‘सुकला’ असणार, त्याला पाणी पाजायला हवं, असं कुठेतरी वाचलेलं डोक्यात बसलं होतं. अंगठी रात्रभर वाटीत बुडवून ठेवली. सकाळी ढग अर्ध्या खड्यावर पसरलेला.

विक्रेत्याचं उत्तर: ‘मॅडम, पाण्यात ठेवल्यामुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही.’ मी विचारलं, कार्डावर ‘नैसर्गिक ब्लॅक ओपल’ छापलंय ना, मग अख्ख्या दगडाला एका रात्रीच्या पाण्याने काय होतं? त्यावर ‘चेक करून कळवतो’. अजून चेक करतायत.

प्रयोगशाळेत तपासणीला पैसे घालायचं जिवावर आलं, म्हणून दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घेतलं. आणि खरा संताप तिथून सुरू झाला. खड्यावर नाही, कोंदणावर.

बंद कोंदण! खाली चांदीचा पत्रा आणि चहूबाजूंनी काठ वर ओढून दाबलेला. ओपलमध्ये जोड आहे की नाही हे बाजूने कळतं, आणि नेमकी बाजूच झाकलेली. वरून तासभर भिंग लावून बसा, रंगच दिसणार. घेताना मला हे कोंदण ‘मजबूत’ वाटलं होतं आणि तसं मी कौतुकाने लिहिलंही होतं. आता कुठलाही ओपल बंद कोंदणात दिसला की माझ्या कपाळावर आठी येते. सगळे बंद कोंदणवाले लबाड नसतात, नाजूक खड्याला त्याचं संरक्षणही मिळतं, हे मला माहीत आहे. तरी येते.

शेवटी सोनाराकडून खडा मोकळा करून घेतला. त्यांनी तो चिमट्यात आडवा धरला, डोळ्यांच्या पातळीवर नेला आणि म्हणाले, ‘ताई, हा तर तीन मजली आहे.’

खरंच होता. तळाला काळा, सपाट थर. त्यावर रंगाचा कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा. आणि वरचा सगळा घुमट पाण्यासारखा रिकामा, बाजूने पाहिलं तर त्यात रंगाचा ठिपकासुद्धा नाही. समोरून मात्र तोच घुमट खालचा रंग फुगवून दाखवतो. थरांमधली रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. हा ट्रिप्लेट. वरची टोपी क्वार्ट्झची, काचेची किंवा प्लॅस्टिकची असते. टोपी नसेल, नुसता ओपलचा थर आणि त्याला चिकटवलेली काळी पाठ असेल, तर तो डब्लेट. दोन्ही गोंदावर उभे, आणि वारंवार पाणी लागलं की ते हळूहळू जोडात शिरतं. माझा ढग तोच. मी त्याला वाटीत ठेवून वर पाणी पाजत होते.

इथवर लिहून ‘नकली माल’ असं ठोकून देणार होते. पण थोडं वाचल्यावर तो शब्द गिळावा लागला. मधला पापुद्रा खाणीतलाच ओपल असतो. कित्येकदा दगडातली रंगीत शीर इतकी पातळ असते की अख्खा खडा निघतच नाही, म्हणून तिला आधार आणि टोपी देतात. यात फसवणूक नाही, फक्त ते सांगायला हवं. म्हणजे कार्ड सपशेल खोटं नव्हतं, एक तृतीयांश खरं होतं. ‘ट्रिप्लेट’ एवढा एक शब्द छापायला किती शाई लागते?

मग उलटं झालं. दोन रंगांचा कुठलाही खडा मला चिकटवलेलाच वाटायला लागला. तेही चूकच. ऑस्ट्रेलियातल्या लाइटनिंग रिजच्या अस्सल ब्लॅक ओपलच्या पाठीला पुष्कळदा निसर्गतःच काळा, रंग न खेळणारा थर असतो. त्याला पॉच म्हणतात. क्वीन्सलँडचा बोल्डर ओपल तपकिरी लोहदगडासकटच कापतात. फरक सीमारेषेत. निसर्गाची रेघ वाकडीतिकडी जाते, कुठे जाड कुठे बारीक, रंग दगडाच्या भेगांत उतरलेला. चिकटवलेली बहुधा सरळ. बहुधा म्हणतेय, कारण लोहदगडाचीच पाठ लावलेले डब्लेटही असतात, आणि कोंदणात बसल्यावर ते भल्याभल्यांना चकवतात. पुन्हा कोंदणच!

त्याच विक्रेत्याकडून घेतलेलं इथिओपियन ओपलचं पेंडंट मात्र मागून उघडं आहे. त्याच्यावरही माझा संशय गेला. रंगाची नक्षी फार रेखीव, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. प्रयोगशाळेत बनवलेल्या जिल्सन ओपलची (हे १९७४ पासून मिळतात) खूण सरड्याच्या कातडीसारखी नक्षी आणि बाजूने दिसणारे रंगाचे उभे खांब, असं वाचून बसले होते. रागाच्या भरात पेंडंट पाण्यात टाकलं. तासाभरात खडा काचेसारखा पारदर्शक, रंग जवळपास गायब. पोटात गोळा आला. चौथ्या दिवशी कोरडा झाला तसा रंग जसाच्या तसा परत. २००८ पासून इथिओपियाच्या वेलो भागातून येणाऱ्या ओपलचा हाच स्वभाव, तो पाणी पितो. कोरडा असताना जिभेला लावला तर चिकटतोसुद्धा (हो, लावून पाहिला). पोळ्यासारखी नक्षीही त्यात निसर्गतः येते. बाजूने रंग आरपार, जोड कुठेच नाही. तुम्ही मात्र असं बुडवू नका. पाण्याबरोबर साबण, तेल, रंग असं काहीही तो पिऊ शकतो.

पेंडंटला पाच स्टार, माझी माफी धरून. अंगठीला दोन, त्यातला एक चांदीला, ती अजून काळी पडलेली नाही. ट्रिप्लेट टाकून दिलेला नाही. ढगाची बाजू खाली येईल अशा बेताने उघड्या कोंदणात बसवायला दिलाय. घडणावळ अर्थात माझ्याच खिशातून.