चतुर, चंद्र की लाजर: दुःखातल्या लेकरासाठी कोणतं चित्रपुस्तक?

घरातलं माणूस गेलं की थोड्या दिवसांनी कुणीतरी आमच्या संडे स्कूलच्या कपाटाशी येऊन विचारतं, "बाई, लेकरासाठी काही आहे का?" धुळ्याजवळच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत तीन पुस्तकं हातोहाती फिरून मऊ झालीत. तिन्ही मूळ इंग्रजीत. चित्रं दाखवत मराठीत, नाहीतर सरळ अहिराणीत सांगायची.

डोरिस स्टिकनी यांचं 'वॉटर बग्ज अँड ड्रॅगनफ्लाइज' सर्वांत छोटं. तळ्यातले किडे एकेक करून देठावरून वर जातात, परत कुणी येत नाही. त्यातल्या एकाला पंख फुटतात, तो चतुर होतो, आणि आता त्याला पाण्यात शिरता येत नाही. पाटावर, धरणाकाठी चतुरांमागे धावलेल्या आपल्या मुलांना हे पटकन कळतं. गेलेलं माणूस निरोप का पाठवत नाही, याचं उत्तर सात-आठ वर्षांच्या मुलाला इथे मिळतं. पाचाच्या आतल्याला मात्र देऊ नका. मरण कायमचं असतं हेच त्या वयात उमगलेलं नसतं; मग ते प्रत्येक चतुरात आजी शोधत बसतं.

'द मून इज ऑलवेज राउंड' हे 2019 चं. जोनाथन गिब्सन यांची मुलगी मृत जन्मली, तिच्या छोट्या दादाला सांगितलेली ही गोष्ट. चंद्र कोरीएवढा दिसला तरी असतो गोलच, तसा देव चांगलाच. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर अंथरूण टाकल्यावर सांगायला याहून चांगलं पुस्तक नाही. बाळ दगावलेल्या घरात तर हेच द्या. आपल्याकडे आई रिकाम्या हातानं दवाखान्यातून येते आणि मोठ्या लेकराशी कुणी त्याबद्दल बोलतच नाही. इथे त्या बाळाला नाव आहे. पण बाप परवाच गेला असेल, तर 'देव चांगला आहे' हे मुलाला 'रडू नको' असं ऐकू येतं.

उरलं लॉरेन चँडलर यांचं 'गुडबाय टु गुडबाइज', तेही 2019 चंच. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायातली, येशूचा मित्र लाजर याची गोष्ट. चार दिवस कबरेत असलेला लाजर येशूच्या हाकेनं जिवंत होऊन बाहेर येतो, हे वाचून झाल्यावर एका मुलीनं मला विचारलं, "बाई, मना पप्पासले ते पाच दिन हुई ग्यात ना?"

हा प्रश्न येणारच. त्याची तयारी नसेल तर पुस्तक उघडू नका. मी तिला सांगितलं: पप्पा मेलेत, ते आत्ता परत येणार नाहीत. लाजरालाही पुढे पुन्हा मरण आलंच. येशू मात्र उठला तो परत मेला नाही, आणि एक दिवस तो पप्पांनाही हाक मारेल. 'मेलेत' हा शब्द मी मुद्दाम वापरते. 'प्रभूमध्ये झोपी गेले' असं दफनाच्या वेळी ऐकलेली मुलं रात्री झोपायला घाबरलेली मी पाहिलीत.

तरीही आई किंवा बाप गेलेल्या मुलासाठी मी पहिल्यांदा हेच काढून देते. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू आधी रडला, आणि बाकी दोन पुस्तकांत हे नाही. पहिल्या दिवशी तिथेच थांबा. कबरेचं पान चार-आठ दिवसांनी, लेकरानं स्वतः मागितलं तर. त्या मुलीनं ते अजून मागितलेलं नाही. रडणाऱ्या येशूचं पान मात्र ती दर रविवारी उघडायला लावते.