मॉन्टपेलिए सापासाठी एक मीटरचा हुक: निम्मंच काम

जड, संथ घोणशीला हा ॲल्युमिनियमचा हुक चांगला. स्पेनच्या माळावरचा मॉन्टपेलिए साप मात्र दोन मीटरपर्यंत वाढतो, दिवसा फिरतो आणि आकड्यावर टिकतच नाही, सुळकन घसरतो. पुढचा एक तृतीयांश भाग हुकाने उचला, शेपूट हातात धरा, तोंड पिशवीला जोडलेल्या पाइपकडे वळवा. चिमटा नकोच, बरगड्या दुखावतात.

याचे खाचेचे विषदात वरच्या जबड्यात अगदी मागे, डोळ्याखाली. ओझरत्या चाव्यात ते सहसा लागत नाहीत; बोट चघळलं तर सूज येते, क्वचित पापणीही ढळते. घामाने हुकाची रबरी मूठ गरकन फिरते; म्हणूनच हा दोष मोठा. सुती दोरा घट्ट गुंडाळावा. आकड्याच्या कडाही खरखरीत, खवले ओरखडतात. बारीक पॉलिश पेपर फिरवा. वजन मात्र छान हलकं.