आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम: सराव भक्कम, आधुनिक पॅनेल अपुरे

आमच्या तालुक्याच्या शासकीय आयटीआयमधून माझ्या मुलाने दोन वर्षांचा वीजतंत्री अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि मी स्वतः कारखान्याच्या देखभाल विभागात असल्याने त्याचे शिक्षण बारकाईने पाहत आलो. कार्यशाळेतील सरावाला मी मनापासून दाद देतो. मोटार आधी कमी दाबाच्या ‘स्टार’ जोडणीत सुरू करून मग पूर्ण दाबाच्या ‘डेल्टा’ जोडणीत नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी मुले स्वतः करतात. स्टारमध्ये मोटारीतल्या तारेच्या प्रत्येक गुंडाळीला (वाइंडिंगला) लाइन व्होल्टेजच्या सुमारे ५८ टक्केच दाब मिळतो, म्हणून मोटारीचा सुरुवातीचा लाइन प्रवाह डेल्टाच्या एक तृतीयांशावर येतो, हे त्यांना क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे उपकरण) लावून प्रत्यक्ष दाखवले जाते. मोटार चालू करण्यापूर्वी मेगर या रोध मोजणाऱ्या उपकरणाने तारांचे इन्सुलेशन तपासण्याची सवयही अंगवळणी पडते, आणि कारखान्यात तिचे मोल फार मोठे आहे.

पीएलसी (यंत्रे आपोआप चालवणारा प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक) आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) मात्र तोंडओळखीपुरतेच राहिले. एकाच पॅनेलभोवती सगळी तुकडी उभी राहिल्यावर मागच्या मुलांच्या हाती काय लागणार? शेजारच्या उद्यानविद्येच्या वर्गात प्रत्येकाला आपापले कलम बांधायला मिळते. तोच न्याय इथेही हवा.

शुल्क परवडणारे आहे, आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रामुळे शिकाऊ उमेदवारीची वाट खुली होते. प्रवेशापूर्वी पालकांनी कार्यशाळेत जाऊन चालू स्थितीतील सरावाचे संच अवश्य मोजून पाहावेत.