इस्ट्रोजेन जेल, रात्रीची कॅप्सूल आणि ती प्लॅस्टिकची मोजपट्टी: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात सिंहगड रोडवरच्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये माझं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं. पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी मी लावते ते इस्ट्रोजेनचं (बायकांच्या अंडाशयात बनणारं हॉर्मोन) जेल संपत आलं होतं आणि "वरूनच माल नाही" हे ऐकून ऐकून कंटाळले होते. त्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने गोळ्यांची एक पट्टी पुढे सरकवली. "काकू, हे घेऊन जा. हॉर्मोनचंच आहे, सेम. उलट स्वस्त पडेल." पट्टी उलटी करून नाव वाचलं, कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन. चिठ्ठीवर एस्ट्राडायोल जेल लिहिलंय, मग हे सेम कसं, असं विचारलं तर म्हणे, "सगळ्या लेडीज हेच नेतात."

सेम नाही, अजिबात नाही. या प्रकारची मूळ गोळी अमेरिकेत १९४२ पासून आहे आणि तिच्यातलं इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढतात. जेलमधलं एस्ट्राडायोल म्हणजे आपल्या अंडाशयात तयार होत असे तेच इस्ट्रोजेन. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. जेल त्वचेतून सरळ रक्तात उतरतं, त्यामुळे नेहमीच्या डोसात गुठळीचा धोका वाढताना दिसत नाही. माझ्या आईला पायाच्या शिरेत गुठळी झाली होती. डॉक्टरांनी मला मुद्दाम जेल दिलं ते त्यासाठी, आणि हा पोरगा पाच मिनिटांत ते बदलायला निघाला होता. मी दुकान बदललं. नवा दुकानदार सूट कमी देतो, पण चिठ्ठी वाचतो आणि नसेल ते मागवून देतो.

आता वापराबद्दल. माझं वय ५१. पाळी जाऊन वर्ष उलटलं होतं. अंगातून वाफा निघाव्यात तसं व्हायचं, मानेपासून वर चढत जायचं, ऑफिसात एसी १८ वर असताना ब्लाउजची पाठ भिजायची. रात्री दोन-तीनदा उठून चादर बदलायची वेळ यायची. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र उगाचच हळवं होतं, अंगाचं तापमान जरासं वाढलं तरी घाम सोडायला लावतं. हे समजल्यावर निदान "मनाचा खेळ आहे" म्हणणाऱ्यांना उत्तर देता आलं. "दोन-चार महिने सहन कर, जाईल" असं सांगणाऱ्या बायकांनाही एक सांगते. अमेरिकेत वर्षानुवर्षं बायकांच्या नोंदी ठेवून केलेल्या अभ्यासात हा त्रास सरासरी सात वर्षांच्या वर चालल्याचं दिसलं. सात वर्षं चादरी बदलत बसायचं का?

औषध सुरू करण्याआधी बीपी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, कोलेस्टेरॉल आणि हाडांची डेक्सा तपासणी झाली. हॉर्मोनची रक्ततपासणी डॉक्टरांनी सांगितलीच नाही. पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच निदान होतं, त्यासाठी हजारोंचं पॅकेज लागत नाही. लॅबवाल्यांचे मेसेज येतात, दुर्लक्ष करा.

तिसऱ्या आठवड्यात वाफा निम्म्यावर आल्या, दोन महिन्यांत जवळपास थांबल्या. जेलच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मोजपट्टीबद्दल, आणि ती मी पोटतिडकीने करणार आहे.

ट्यूब ८० ग्रॅमची. पूर्ण डोस अडीच ग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम एस्ट्राडायोल. हिशोबाने एका ट्यूबमध्ये ३२ पूर्ण डोस किंवा ६४ अर्धे डोस बसतात. माझा डोस अर्धा. मोजण्यासाठी खोक्यात एक पांढरी प्लॅस्टिकची पट्टी येते, तिला खाच, खाचेत खूण. ट्यूब दाबत खाच भरायची आणि मांडीवर पुसायची. आता बघा काय होतं. जेल अल्कोहोलचं, पातळ. जोरात दाबलं की खाचेबाहेर सांडतं, हळू दाबलं की मध्ये हवा राहते. पुसताना खाचेच्या कोपऱ्यात थर राहतो, तो बोटाने काढला तर बोटाला लागतो. माझी शंका खरी की खोटी हे पाहायला मी भावाकडून सोनं तोलायचा छोटा काटा आणला. त्याच खुणेपर्यंत भरलेलं जेल एकदा ०.९ ग्रॅम भरलं, एकदा दीडच्या वर गेलं. ज्या औषधाबद्दल जगभर डोसावरून एवढी काथ्याकूट चालते, ते मोजायला शाळेच्या कंपासपेटीतल्यासारखी पट्टी? परदेशात हेच जेल पंपाच्या बाटलीत मिळतं, एकदा दाबलं की सव्वा ग्रॅम, बरोबर माझा डोस. इथे पंप का नाही, असं मी कंपनीला ईमेलने विचारलं. "आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे" एवढंच उत्तर आलं.

शिवाय ट्यूब कधीच हिशोबाएवढी पुरत नाही. शेवटचं जेल ट्यूबच्या खांद्याच्या वळणात अडकतं. टूथपेस्टची ट्यूब आपण कापून पुसून घेतो तशी ही कापली तर जेल निघतं, पण त्यातलं अल्कोहोल उडून जातं आणि उरलेलं दाट होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी डोस किती गेला ते देवालाच ठाऊक. म्हणून कापून ठेवू नका. जेल आणि कॅप्सूल मिळून महिन्याचा खर्च दीड हजाराच्या घरात जातो, मेडिक्लेममधून एक पैसा मिळत नाही, आणि त्यातलं एवढं जेल दर वेळी कचऱ्यात.

लावण्याबाबत दोन गोष्टी. पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही, पंख्याखाली उभं राहावं लागतं, आणि वाळल्याशिवाय सलवार चढवायची नाही. लावल्यावर हात साबणाने धुवायचे आणि लहान मुलाला त्या जागेला हात लावू द्यायचा नाही. नातू घरी आला की मी आंघोळीनंतरऐवजी तो झोपल्यावर लावते. छातीवर तर कधीच लावायचं नाही.

रात्रीची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, १०० मिलिग्रॅम. पहिले दोन महिने माझं मत होतं की ही लवकरात लवकर बंद करावी. सकाळी डोकं जड, स्कूटर चालवायची भीती वाटायची. डॉक्टरांना तसं म्हटलं. त्यांनी सांगितलं की गर्भपिशवी शाबूत असेल तर ही सोडायची सोय नाही. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं आतलं अस्तर वाढत जातं, १९७५ मध्ये अमेरिकेत त्यातून पिशवीच्या कॅन्सरचं प्रमाण वाढल्याचं पुढे आलं आणि तेव्हापासून जोडीला प्रोजेस्टेरॉन आलं. मग त्यांनी वेळ विचारली. मी जेवण झाल्या झाल्या घेत होते. भरल्या पोटी ती जास्त शोषली जाते, म्हणून झोपताना घ्यायला सांगितली. आज माझं मत साफ उलटं आहे. गाढ झोप काय असते ते मला या कॅप्सूलने परत दाखवलं. जेल आणि कॅप्सूल यांत कुणाचे आभार जास्त मानू असं विचारलं तर कॅप्सूलचे मानेन. सुरुवातीच्या महिन्यांत थोडं स्पॉटिंग झालं, म्हणजे रक्ताचे डाग दिसले, ते तेव्हाच सांगून सोनोग्राफी करून घेतली. घडी बसल्यावर रक्त दिसलं तर मात्र एक दिवस थांबू नये.

काय झालं नाही, तेही लिहिते. वजन तसूभर हललं नाही. केस गळायचे ते गळतातच. गुडघे थोडे हलके वाटतात, पण त्याचं श्रेय पर्वतीच्या चढणीला द्यावं की जेलला, सांगता येत नाही.

आता कॅन्सर. माझी नणंद, शेजारीण, योगा क्लासमधल्या सगळ्या जणी, प्रत्येकीचं पहिलं वाक्य हेच असतं. ही भीती आली २००२ च्या जुलैमधून, जेव्हा अमेरिकेतली विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ही चाचणी मध्येच थांबवली. १६,६०८ बायका, सरासरी वय ६३, आणि औषध म्हणजे तीच घोडीवाली गोळी, जोडीला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध. दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त, पक्षाघाताच्या ८ जास्त, खुब्याची फ्रॅक्चर ५ कमी. वर्तमानपत्रांनी स्तनाच्या कॅन्सरच्या त्याच ८ केसेसचं "२६ टक्के वाढ" असं छापलं आणि जगभर बायकांनी औषधं टाकून दिली. ८ म्हणजे शून्य नव्हे, ते मी मनावर घेतलं आहे आणि मॅमोग्राफी चुकवत नाही. पण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू करणारीचं गणित त्रेसष्टीच्या बाईवरून मांडू नये. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच या औषधांवरचा काळ्या चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा काढायला घेतला. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय किंवा कारण न कळणारा रक्तस्राव आहे, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी माझं ऐकून काही सुरू करू नये.

दुसऱ्या टोकाच्या लोकांवरही माझा राग आहे. तारुण्य परत आणू म्हणून कातडीखाली हॉर्मोनच्या गोळ्या पेरणारी क्लिनिकं पुण्यात निघाली आहेत. एकदा पेरलं की डोस कमी करता येत नाही. माझ्या यजमानांना टेस्टोस्टेरॉनची जाहिरात रोज दिसते. पुरुषांचं ते चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याने हळूहळू उतरतं, आपल्यासारखं दोन-चार वर्षांत तळाला जात नाही. त्यांची पातळी तपासली, ठीक निघाली, विषय संपला.

हे लिहायचं खरं कारण आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, पूर्वी ऊसतोडीला जायच्या. सिंकजवळ वाळत ठेवलेली मोजपट्टी पाहून त्यांनी विचारलं, "वहिनी, हे कशाचं?" सांगितलं तर म्हणाल्या, "मला तर पिशवी काढल्यापासून हेच होतंय." त्यांची पिशवी काढली तेव्हा त्या एकतिशीच्या होत्या. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड आणलं, घडीवर फाटलेलं. दोन्ही अंडाशयंही काढली होती. आज त्यांचं वय ४१. दहा वर्षं शरीरात इस्ट्रोजेन नाही, आणि एकाही डॉक्टरने त्यांना त्याबद्दल एक शब्द सांगितलेला नाही.

२०१९ मध्ये सरकारी समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून कित्येकींनी हा मार्ग धरला. बातम्या झाल्या, चौकशी झाली. पुढे त्या बायकांच्या हाडांचं काय, हे कुणी विचारलं? पंचेचाळिशीच्या आत अंडाशय गेली तर, काही अडचण नसल्यास, पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत तरी इस्ट्रोजेन द्यावं, यावर डॉक्टरांत फारसा वादच नाही. वाद आहे तो माझ्यासारखीबद्दल. जिला ते सगळ्यात आधी मिळायला हवं तिच्यापर्यंत नावही पोचत नाही आणि आपण इकडे चहाच्या कपावर चर्चा करतो.

मी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे नेलं. डेक्सा केली, मणक्याची हाडं माझ्यापेक्षा ठिसूळ निघाली. पिशवी नसल्याने त्यांना कॅप्सूल लागत नाही, नुसतं जेल, म्हणजे कॅप्सूलचा खर्च वाचतो. जेलचा खर्च सध्या मी आणि त्या काम करतात ती आणखी दोन घरं मिळून उचलतो. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि चालणं वेगळं. सहा आठवड्यांत त्यांच्या वाफा कमी झाल्या आहेत. पण त्यांचा डोस पूर्ण आहे आणि चष्मा नसल्याने पट्टीवरची खूण दिसत नाही, म्हणून मी लाल नेलपॉलिशने रेघ मारून दिली आहे.

पुण्यात कुणाला हे जेल पंपाच्या पॅकमध्ये मिळालं असेल तर दुकानाचा भाग आणि किंमत जरूर कळवा, दोन बाटल्या लागतील. आणि पट्टीबद्दल कंपनीला तुम्हीही लिहा, एकटीच्या ईमेलने त्यांना फरक पडलेला नाही.