सौर झटका मशीन : वीस गुंठ्यांच्या वाडीसाठी घ्यावं का?

कुंपणाच्या तारांत सौर बॅटरीवर विजेचे झटके सोडणारं हे यंत्र रानडुकरं आणि भेकरं अडवायची असतील तर घ्यावं. वानर-माकडांसाठी घेत असाल तर पैसे वाया. ती फांदीवरून आत उतरतात. गवा बिथरला तर खांबासकट तारा घेऊन जातो.

दुकानदार आधी ‘बारा हजार व्होल्ट’ सांगतो. हा आकडा तार जोडलेली नसतानाचा. विचारायचं ते बाहेर पडणारे ज्यूल (झटक्यातली ऊर्जा) किती, साठवलेले नव्हे. वीस गुंठ्यांचा घेर साधारण 180 मीटर, तीन ओळींची तार 540 मीटर; त्याला एक ज्यूल पुरतो. मशीनवर आयईसी 60335-2-76 हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक छापलेलं हवं. अशा मशीनचा झटका सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता असतो आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंद जातो, म्हणून लागलेला जीव सुटून मागे सरतो. घरच्या लाइनची वीज थेट तारेत सोडली की स्नायू आखडतात, सुटका नाही. त्यात माणसंही मेली आहेत, वाघही. आणि तो गुन्हा आहे.

तक्रारी बहुतेक मशीनच्या नावाने होतात, दोष असतो अर्थिंगचा, म्हणजे मशीन जमिनीशी जोडणाऱ्या सळयांचा. सोबत येणारी हातभर सळई कोकणात कुचकामी. गॅल्वनाइज्ड सळया तीन, प्रत्येकी दीड ते दोन मीटर खोल, एकमेकींपासून तीन मीटरवर, घराच्या अर्थिंगपासून दहा मीटर लांब. तपासणी अशी : मशीनपासून शंभर मीटरवर लोखंडी सळई टेकवून कुंपण जमिनीला जोडा, तारेचा दाब 2,000 व्होल्टच्या खाली आणा आणि अर्थिंगच्या सळईवर मोजा. 300 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आणखी सळई ठोका. एप्रिलमध्ये जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि जमिनीतून प्रवाह परतत नाही. तिथे मधली ओळ अर्थिंगला जोडावी, म्हणजे नाक दोन तारांना एकदम लागलं की झटका बसतो.

ओळी 25, 45 आणि 75 सेंटिमीटरवर. डुकराच्या राठ केसांतून झटका नीट पोचत नाही, नाकाला लागला पाहिजे. ते सावकाश हुंगत येतं तेव्हाच नाक लागतं, म्हणून कुंपण पीक तयार व्हायच्या आधी चालू करा. एकदा रताळ्याची चटक लागलेलं डुक्कर धावत येतं, डोकं आत गेल्यावर झटका खातं आणि मागे न फिरता पुढेच पळतं! पहिले काही दिवस तारेला पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात. हूटरवर (भोंग्यावर) फार विसंबू नका, आवाज सरावाचा होतो.

खालची तार 25 सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका, विक्रेता कितीही म्हणाला तरी. खवले मांजर घाबरलं की गुंडाळी करतं. ती तारेभोवती पडली तर झटके चालूच राहतात आणि जनावर मरतं. वारुळं असलेल्या बाजूला सर्वांत खालची तार अर्थिंगचीच ठेवावी, आणि उजाडताच फेरी मारावी. काटेरी तारेत झटका कधीही सोडू नये, जनावर अडकतं. सगळी वाडी वेढण्यापेक्षा रताळी-सुरणाचा तुकडाच वेढा. व्हाळाकडची (ओढ्याकडची) वाट मोकळी राहू द्या, नाहीतर जनावरं शेजाऱ्याच्या भातात जातील.

देखभालीत पावसाळा खरा त्रासाचा. ओलं गवत तारेला टेकलं की दाब गळतो. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना फूटभर पट्टा दर दहा-पंधरा दिवसांनी कापावा लागतो. शेवटच्या टोकाला 4,000 व्होल्ट मिळतात का ते मीटरने बघा. मीटर वेगळा घ्यावा लागला तरी घ्या. स्वस्त प्लॅस्टिकचे इन्सुलेटर उन्हाने तडकतात. क्लच वायर (बारीक तारा पिळून केलेली तार) ओढायला सोपी, पण पीळ दिलेल्या जोडावर गंजते. जोडाला क्लॅम्प लावा. वादळाची चिन्हं दिसली की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, कुंपणाची तार मशीनपासून सोडवा.

रात्रीच चालवलं आणि मशीन 0.15 अँपिअर घेत असेल, तर बारा तासांत 1.8 अँपिअर-तास जातात. 12 व्होल्ट, 12 अँपिअर-तासांची बॅटरी तीन ढगाळ दिवस निभावते. पॅनेल 20 वॉटच्या खाली नको.

वनालगतच्या गावांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांतलं जे कमी ते अनुदान ठरवलेलं आहे. गाव यादीत आहे का आणि निधी आहे का, हे खरेदीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.