व्हीटी बघायला जाताय? स्टार चेंबरचे ‘तिकीट’ घेऊ नका

मुंबईच्या सीएसएमटी म्हणजे जुन्या व्हीटी स्थानकासमोर मान वर करून थांबणारा माणूस बाहेरगावचा, हे चटकन कळते. मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेला कोणीतरी जवळ येतो. ‘म्युझियम आज बंद आहे दादा, पण माझी आत ओळख आहे. माणशी पाचशे द्या, स्टार चेंबर दाखवतो, वर घुमटापर्यंत नेतो.’ चौघांचे कुटुंब असेल तर २००० रुपये तिथेच गेले.

बदल्यात मिळते १० रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट आणि स्टार चेंबरमध्ये पाच मिनिटे. स्टार चेंबर म्हणजे चालू तिकीटघर! निळ्या छतावरचे सोनेरी तारे, इटालियन संगमरवर, सगळे रांगेतल्या प्रवाशाच्या डोक्यावर आणि आजूबाजूला असते. तिथे पैसे घेऊन कोणी नेत असेल, तर ती सरळ लूट आहे.

घुमटाखालचा जिना मात्र मध्य रेल्वेच्या मुख्यालयात येतो. तिथे पहारा असतो, त्यामुळे ‘साहेब आलेत, आज सोडत नाहीत’ असे सांगून वाटाड्या सटकतो. आतला भाग बघायची अधिकृत सोय रेल्वेची स्वतःची आहे; शुल्क तिथेच भरायचे आणि छापील पावती घ्यायची. कार्यालय आणि त्यासोबत आतले म्युझियमही शनिवार-रविवारी बंद असते आणि पर्यटक नेमके तेव्हाच येतात. म्हणजे ‘आज बंद आहे’ हे त्याचे वाक्य बरेचदा खरे असते. त्या एका खऱ्या वाक्यावर पुढचे सगळे खोटे खपते.

दुसरा सापळा फलाटावरचा. लोकलच्या फलाटांकडे जाताना अडवणारे फाटक नाही, म्हणून फोटो काढत लोक बिनतिकीट आत शिरतात. प्लॅटफॉर्म तिकीट असले तरी ते छापलेल्या वेळेपासून दोनच तास चालते. तोतया टीसी हेच हेरून ‘हजार भरा, नाहीतर पोलीस’ म्हणतो. खरा टीसी किमान २५० रुपये दंड आणि भाडे घेतो व क्रमांक असलेली पावती फाडतो. आधी पावती मागा. क्यूआर स्कॅन केल्यावर कोणा व्यक्तीचे नाव दिसले, तर पैसे पाठवू नका.

१८७८ ते १८८८ या काळात उभारलेली फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची ही इमारत बाहेरूनच निवांत बघण्यासारखी आहे. फाटकाच्या खांबांवर ब्रिटनचा सिंह आणि भारताचा वाघ, घुमटावर मशालधारी ‘प्रगती’. रस्त्यापलीकडचे महापालिका मुख्यालयही स्टीव्हन्स यांचेच. यातल्या कशालाच तिकीट नाही.

पैसे गेलेच, तर लोहमार्ग पोलिसांना १५१२ वर लगेच कळवा. यूपीआयने गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही. फलाट क्रमांक आणि नेमकी वेळ सांगा, सीसीटीव्हीत शोधायला तेवढेच हाती असते.